जिनिंगचा कामगार कोणाच्या हिशेबात?



आज तुम्हाला मिळालेल्या पदवीवर स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे नाव आहे. हे विद्यापीठ १९९४ साली नांदेडला स्थापन झाले. त्याच वर्षी दिल्लीत एक निर्णय झाला. ६५ टक्के शुल्क भरून कोणीही पामोलिन तेल आयात करावे, वेगळा परवाना नको, असे ठरले. चार वर्षांत ते शुल्क १५ टक्क्यांवर आले. आज देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातले निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येते.

करडई, भुईमूग ही आपल्या भागाची पिके. करडईचा पेरा कसा आटत गेला, ते घरी आजोबांना विचारा. पेरा आटला की तेलाची गिरणी थंडावते. मग शेंगा फोडायच्या यंत्रावरचा माणूस कोयता घेऊन ऊसतोडीच्या टोळीत जातो. आपले काम कोणत्या धोरणामुळे गेले, हे त्याला कोणी सांगत नाही.

स्वस्त तेलाने गरिबाच्या कढईला आधार दिला, हे मी नाकारत नाही. आयात बंद करा, असेही मी म्हणायला आलेलो नाही. पण फायदा साऱ्या देशाने घ्यायचा आणि भुर्दंड एका गिरणीतल्या वीस माणसांनी सोसायचा, हा व्यवहार न्यायाचा नाही. अमेरिकेने हे १९६२ साली कायद्यात मान्य केले होते. आयातीमुळे कारखान्यातले काम गेले, तर कामगाराला काही काळ उत्पन्न आणि नवे प्रशिक्षण देणे ही सरकारची जबाबदारी, असे तो कायदा सांगत होता. जुलै २०२२ पासून तिथेही नवे अर्ज घेणे थांबले. तरी त्यामागचा विचार खरा होता आणि आहे.

आपल्याकडे काय आहे? १९८६ साली केंद्राने बंद पडलेल्या कापड गिरण्यांच्या कामगारांसाठी पुनर्वसन निधी काढला. पहिल्या वर्षी पगाराच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५०, तिसऱ्या वर्षी २५. योजना चांगली होती, पण ती ठरावीक गिरण्यांपुरती, आणि गिरणी कायमची बंद झाल्यावरच. पुढे राज्य कामगार विमा महामंडळाने बेरोजगारी भत्ता आणला. २०१८ पासून अटल बिमित व्यक्ती कल्याण योजना आहे. तिचा लाभ नव्वद दिवसांपर्यंत मिळतो, तोही आयुष्यात एकदाच.

आता आपल्या पाथरीकडे या. आपल्या टापूतले कारखाने कोणते? पाथरी, मानवत, सेलूकडची कापसाची जिनिंग-प्रेसिंग, शेंगा फोडण्याची यंत्रे, साखर कारखाने. २०२५ पर्यंत लागू असलेला कामगार विम्याचा १९४८ चा कायदा उघडून पाहा. हंगामी कारखान्यांना तो लागू नव्हता, आणि हंगामी कोण, याची त्यात यादीच दिली होती: कापूस जिनिंग, प्रेसिंग, भुईमूग फोडणे, साखर, गूळ. जणू आपल्या तालुक्याचा नकाशा समोर ठेवूनच ती यादी केली असावी! विमा नाही म्हणून भत्ता नाही. औद्योगिक विवाद कायद्यात ले-ऑफच्या काळात निम्मा पगार देण्याची तरतूद होती. तिथेही हंगामी कारखाने बाहेरच.

तुमच्यापैकी काहींच्या आया याच कामाला जातात. त्यांना पाहिले असेल. दसऱ्यानंतर कापूस यायला लागतो. ढिगापाशी बसून बायका कवडी, पाला, काडी वेचून काढतात. तोंडाला पदर घट्ट बांधलेला असतो, तरी भुवयांवर, पापण्यांवर रुई चिकटतेच. यंत्राचा आवाज इतका की शेजारणीशीही खुणेने बोलावे लागते. एकीकडे सरकी पडते, दुसरीकडे रुई, आणि प्रेसमधून १७० किलोची गाठ बाहेर येते. त्या गाठीवर क्रमांक असतो, तिचे वजन लिहून ठेवतात. गाठ बांधायला राबणाऱ्या बाईची हजेरी मात्र मुकादमाच्या वहीत, आणि ती वही मुकादमाच्या खिशात.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के शुल्क लावले. आपल्या कापड उद्योगाला दिलासा म्हणून केंद्राने परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्टपासून माफ केले आणि ती माफी ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. म्हणजे आपला कापूस बाजारात येतो, नेमक्या त्याच महिन्यांत. सूत गिरण्यांना दिलासा हवा होता, हे खरे. कापूस उत्पादकाच्या नुकसानीबद्दल निदान ओरड झाली. जिनिंगमधल्या मजुराचा विषय कोणी काढला?

आयातीने काम गेलेल्या मजुराला आधार देणे अशक्य नाही, आणि तसे म्हणायला आधार याच राज्यातला आहे. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी उभी राहिली. तिच्यासाठी राज्याने १९७५ पासून शहरी नोकरदाराच्या पगारातून व्यवसाय कर घेतला. २६ जानेवारी १९७९ पासून काम हा मजुराचा कायदेशीर हक्क झाला. शहराने खेड्याच्या मजुरीचा भार उचलला आणि त्याने कोणी बुडाले नाही. मग आयात शुल्कातून तिजोरीत येणाऱ्या पैशातला एक वाटा आयातीने काम गेलेल्या माणसासाठी का राखून ठेवू नये? पाऊस पडला नाही, तर माणसाला हमी आहे. बंदरावर जहाज लागल्यामुळे काम गेले, तर नाही. दुष्काळ निदान निसर्गाने आणलेला असतो. शुल्क तर सरकारच ठरवते.

हा हक्क मिळेपर्यंतही करण्यासारखे काही आहे. ग्रॅच्युइटीच्या कायद्याने हंगामी कामगाराला वगळलेले नाही. सलग पाच वर्षांची सेवा धरली गेली, तर दर हंगामामागे सात दिवसांचा पगार त्याचा होतो. अडते ते पुराव्यापाशी. हजेरी आणि मजुरी मिळाल्याची पावती हाताशी नसते.

तुम्ही वाणिज्य शिकलात, कायदा वाचू शकता, अर्ज लिहू शकता. या हंगामात आपल्या गावच्या जिनिंगवर जा. आईची, मावशीची, शेजारच्या काकांची हजेरी रोजच्या रोज तारखेनिशी वहीत उतरवा आणि महिनाअखेरीला मुकादमाची सही मागा. ग्रामसभेत उभे राहून हंगामी कामगारांना विम्यात घेण्याचा ठराव मांडा आणि मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात त्याची प्रत द्या.