आपल्या हातची विद्या आणि घरी घडविलेले विमान

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



'शिक्षण आणि समाज' या विषयावर मी चार शब्द बोलावे, अशी कार्यकारी मंडळाची सूचना होती. त्या विषयावर मी याच व्यासपीठावरून दोनदा बोललो आहे, आणि त्याचा काही उपयोग झाल्याचे अद्याप माझ्या दृष्टोत्पत्तीस आलेले नाही. म्हणून आज मी विमानाविषयी बोलणार आहे. मी मॅट्रिक झालेला, प्राथमिक शाळेत हयात घालविलेला मनुष्य. विमानात एकदाही बसलेलो नाही. तरीही विषय आपल्याला परका नाही. १९९९ पर्यंत आपल्याच भंडारा जिल्ह्यात असलेल्या गोंदियाजवळ, बिरशी येथे, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी धावपट्टी बांधली, आणि २००८ मध्ये तेथे वैमानिकांचे शिक्षण देणारी संस्था सुरू झाली. पण ही विमाने बाहेरून आलेली. विमान घरी घडविता येते काय, हा आजचा प्रश्न आहे.

येते. मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात कॅप्टन अमोल यादव या मराठी वैमानिकाने आपल्या राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. १९९८ च्या सुमारास त्यांनी या उद्योगास आरंभ केला. पहिल्या दोन प्रयत्नांतील विमाने आकाशात गेलीच नाहीत. तिसरे पुरे झाले, तेव्हा ते सुटे करून क्रेनने गच्चीवरून उतरवावे लागले, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातील 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले. विमान उभे राहिले, परंतु उडविण्याची परवानगी मिळेना. नोंदणी झाली नोव्हेंबर २०१७ मध्ये. उड्डाणाचा परवाना हाती आला ऑक्टोबर २०१९ मध्ये. आणि २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर चाचणीचा पहिला टप्पा पार पडला. आरंभापासून बावीस वर्षे! एवढ्या काळात आपल्याकडे मुलाचे शिक्षण, नोकरी व लग्न उरकते.

परदेशात ही वाट पुष्कळ रुळलेली आहे. तेथे विमानाचे सुटे भाग पेटीत भरून घरी येतात. पत्रे कापलेले, छिद्रांच्या जागा ठरलेल्या. हौशी मनुष्य ते मोटार ठेवण्याच्या खोलीत जोडतो. अमेरिकेतील नियम असा की, निम्म्याहून अधिक काम हौशी माणसांनी स्वतःच्या शिक्षणासाठी व आनंदासाठी केलेले असले पाहिजे. प्रत्येक टप्प्याची नोंद ठेवावयाची, अधिकाऱ्याकडून तपासून घ्यावयाचे, आणि आरंभीचे ठराविक तास वस्तीपासून दूर उडवून पाहावयाचे. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या एका केरळीय अभियंत्याने असा संच जोडून त्यातून आपल्या कुटुंबासह प्रवास केला. कॅप्टन यादवांच्या हाती असा तयार संच नव्हता, म्हणून त्यांचे काम अधिक बिकट.

आता आपल्या धंद्याकडे येतो. हे काम प्रत्यक्षात कसे चालते, हे वाचले तेव्हा मी चकित झालो. पत्र्यावर पत्रा ठेवावयाचा, छिद्र पाडावयाचे, छिद्राच्या कडेला उरलेली बारीक धार घासून काढावयाची, कारण त्या धारेपासूनच पुढे चीर जाते. मग रिव्हेट बसवावयाचा. एकाने बाहेरून ठोकावयाचे, दुसऱ्याने आतून लोखंडाचा ठोकळा दाबून धरावयाचा. लहानशा विमानाला असे दहा हजारांहून अधिक रिव्हेट लागतात. एक वाकडा बसला तर काढून पुन्हा घालावयाचा. बंधूंनो, हे ऐकून आपल्यापैकी किती जणांना आपल्या आजोबांची ओसरी आठवली असेल! पितळेच्या पत्र्याला आकार देणे, सांधा डाक देऊन पक्का करणे, घागर मठारून तिला कणखरपणा आणणे, आणि हे सर्व कानाने ओळखणे, कच्चा ठोका पडला की माझे वडील पाठमोरे असूनही म्हणत, "पुन्हा मार."

आपला धंदा अॅल्युमिनियमने व स्टीलने बुडविला, असे आपण नेहमी म्हणतो, आणि ते पुष्कळ अंशी खरे आहे. पण गंमत पाहा. शुद्ध अॅल्युमिनियम विमानाच्या कामाला फार मऊ पडते. १९०६ मध्ये जर्मनीत आल्फ्रेड विल्म यांना असे आढळले की, त्यात शंभरास चार या प्रमाणात तांबे व थोडे मॅग्नेशियम घालून, तापवून थंड पाण्यात बुडविले की ते पुढे काही दिवसांत आपोआप कठीण होत जाते. विमानाचे अंग बनले ते या मिश्रधातूमुळे. म्हणजे तांब्यावाचून त्या वैऱ्याचेही चालले नाही! राइट बंधूंची गोष्ट आपण मुलांना सांगतो; पण १९०३ च्या त्या विमानाचे इंजिन त्यांच्या सायकलच्या दुकानातील कारागीर चार्ली टेलर याने सुमारे सहा आठवड्यांत घडविले, हे किती पाठ्यपुस्तकांत असते?

येथे मला माझा एक दोष कबूल करावयाचा आहे. पुष्कळ वर्षे मी वर्गात शिवकर बापूजी तळपदे यांची कथा छाती फुगवून सांगत असे: १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर राइट बंधूंच्या आधी विमान उडाले, वगैरे. तळपदे यांच्या जिज्ञासेविषयी मला आदर आहे. परंतु त्या उड्डाणाचा विश्वसनीय पुरावा नाही. आणि ज्या वैमानिकशास्त्राचा दाखला दिला जातो, त्यातील विमाने उडूच शकत नाहीत, असे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील विद्वानांनी १९७४ मध्ये तपासून दाखविले. मी पुरावा न पाहता शिकवीत राहिलो, हा एक भाग.

दुसरा भाग अधिक लागणारा आहे. हीच कथा ऐकून सातवीतील आपल्याच समाजाचा एक मुलगा वडिलांच्या कामातील पत्र्याच्या कातरणांचे हातभर लांबीचे विमान करून वर्गात घेऊन आला. गणिताचा तास चालू होता. मी ते काढून घेतले, "कासारकीच करावयाची आहे का तुला?" असे सर्वांसमक्ष म्हटले, आणि कपाटात टाकले. तो हुशार गणला जात नव्हता. पुढे दहावीनंतर शाळा सुटली. आज तो पुण्याकडे एका गोदामात खोकी मोजतो. निवृत्त होताना कपाट रिकामे केले, तेव्हा ते विमान हाती लागले. त्याच्या पंखाला तांब्याच्या तारेचे तुकडे करून बनविलेले एकवीस रिव्हेट आहेत. सगळे एका ओळीत. एकही वाकडा नाही. मी चष्मा पुसून दोनदा मोजले.

ते विमान आज मी बरोबर आणले आहे. त्या मुलाच्या मातोश्री या सभेत बसल्या आहेत. सभा संपल्यावर ते मी त्यांच्या हाती देणार आहे आणि त्यांची क्षमा मागणार आहे.

आपल्या समाजातून विमाने निघतील असे मी म्हणत नाही. त्याला पैसा लागतो, कायदा लागतो, इंजिन विकत आणावे लागते. माझी मागणी लहान आहे. मंडळाची शिष्यवृत्ती गुणपत्रिका पाहून दिली जाते. तीतील एक तरी हाताने घडविलेली वस्तू पाहून द्यावी, आणि ती पारखण्यास शिक्षक नको, जुना कारागीर बसवावा. मंडळाच्या इमारतीतील मागची खोली वर्षभर खुर्च्या ठेवण्याच्या उपयोगी पडते. तेथे एक भक्कम टेबल, एक शेगडा, काही कानशी व पत्र्याच्या कातऱ्या ठेवून रविवारी मुलांना बसू द्यावे. माझ्या वडिलांची हातोडी व ऐरण मी त्या खोलीसाठी देत आहे. हातोडी आज पिशवीतून आणली आहे. ऐरण जड आहे. ती नेण्यास घरी दोन तरुण पाठवावेत.