थंडीत कमवायचं शरीर

(हिवाळी व्याख्यानमालेत निफाड तालुक्यात दिलेलं व्याख्यान)



थंडी म्हणजे काय, हे निफाडकरांना बाहेरच्याने सांगायला नको. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पाच अंशांखाली उतरला, की दुसऱ्या दिवशी राज्यभरच्या वर्तमानपत्रांत आपल्या तालुक्याचं नाव झळकतं. द्राक्षमणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागांमधून शेकोट्या पेटतात. बागेला इतकं जपणारा आपला माणूस स्वतःच्या शरीराला मात्र डिसेंबर लागला की गोधडीत गुंडाळून ठेवतो. व्यायामाचं उन्हाळ्यात बघू, म्हणतो. आणि कुणी टोकलंच, तर दुसरं कारण तयार असतं : जिमची फी, बूट, ट्रॅकसूट, पावडरचे डबे आपल्याला कुठे परवडणार?

मी आयुष्यभर शाळेच्या मैदानावर शारीरिक शिक्षण शिकवलं. त्या अनुभवावरून सांगतो, शरीर कमवायला वर्षातला सगळ्यांत चांगला काळ हाच. गहू आणि हरभरा थंडीवर पोसतात, तसंच शरीराचंही आहे. आणि त्यासाठी जो खर्च येतो तो मजुरीवर चालणाऱ्या घरालाही झेपतो. कमतरता पैशाची आहे त्याहून जास्त जागेची, वेळेची आणि सोबतीची आहे. ती मात्र एकट्या माणसाने भरून निघत नाही, गावाने भरून काढावी लागते.

आधी थंडीत शरीरात काय होतं ते पाहू. गार हवा लागली की कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात. आतली ऊब आत राखण्यासाठी शरीराने केलेली ही तजवीज. पण वाहिन्या आकसल्या की रक्तदाब वाढतो आणि हृदयावर ताण येतो. थंडीच्या दिवसांत हृदयविकाराचे झटके वाढतात, त्यामागचं हे एक मोठं कारण. स्नायू आणि सांधे आखडलेले असतात, म्हणून अंथरुणातून उठून एकदम पळायला लागलं की पिंडरीत गोळा येतो, कंबर धरते. तहान कमी लागते, म्हणून पाणी पोटात जात नाही.

याची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची. स्नायू काम करतो तेव्हा खर्च झालेल्या ऊर्जेचा चौथा-पाचवा हिस्साच प्रत्यक्ष हालचालीला लागतो, बाकी सगळ्याची उष्णता होते. उन्हाळ्यात ही उष्णता बाहेर टाकता टाकता जीव मेटाकुटीला येतो. हिवाळ्यात तीच हवीहवीशी वाटते. म्हणून याच दिवसांत माणूस जास्त वेळ, जास्त आनंदाने व्यायाम करू शकतो. आपल्या वैद्यकालाही हे ठाऊक होतं. हेमंतात जठराग्नी प्रबळ असतो, असं आयुर्वेद मानतो. वाग्भटाने 'अष्टांगहृदया'त बलवान माणसाला थंडीत आणि वसंतात व्यायाम करायला सांगितलं, पण तोही अर्ध्या शक्तीने. जोर संपेपर्यंत नव्हे, निम्मा शिल्लक असतानाच थांबायचं. हा सल्ला आजही खिशात ठेवावा असा आहे.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगतो.

पहिली गोष्ट वेळेची. पहाटे पाचला उठून धावणाऱ्यांचं आपल्याकडे फार कौतुक होतं. पण थंडीच्या पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि जड असते, तिच्यावर उबदार हवेचा थर बसतो आणि शेकोट्यांचा, कचऱ्याचा, वाहनांचा धूर खालीच कोंडून राहतो. तो धूर छाती भरून घेण्यात काय आरोग्य आहे? साठी ओलांडलेल्यांनी, रक्तदाब, हृदयविकार किंवा दमा असलेल्यांनी ऊन अंगावर आल्यावरच बाहेर पडावं, नाकावर रुमाल बांधावा, आणि डॉक्टरांना विचारूनच किती चालायचं ते ठरवावं. चालताना छातीत दुखलं, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे सरकलं, दरदरून घाम फुटला, तर तिथेच थांबून तडक दवाखाना गाठायचा. थंडी बाधली असेल म्हणून घरी पडून राहायचं नाही.

दुसरी गोष्ट कपड्यांची. महागडं जाकीट लागत नाही. अंगाला लागून सुती बनियन, त्यावर सदरा, त्यावर घरातला जुना, कोपरावर विरलेला स्वेटर असला तरी चालेल. एका जाड कपड्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे बरे, कारण अंग तापलं की वरचा काढता येतो. कानटोपी हवीच. हातमोजे नसतील तर जुने पायमोजे हातात चढवा. मात्र एक नियम पाळायचा : घामाने भिजलेलं बनियन अंगावर वाळवायचं नाही. व्यायाम संपला की कोरडं बनियन घालायचं. व्यायामाने सर्दी झाली, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या मुलांना मी आधी बनियनच विचारत असे.

तिसरी गोष्ट, अंग मोकळं करणं. हे घरात, दार लावून करा. मान सावकाश दोन्ही बाजूंना, खांदे पुढून मागे, कंबर, गुडघे, घोटे, आणि मग जागच्या जागी हळूहळू धावणं. हाताची बोटं उबदार होईपर्यंत, साधारण दहा मिनिटं. त्याच्याआधी जोर-बैठकांना हात घालायचा नाही.

चौथी गोष्ट मुख्य व्यायामाची. सूर्यनमस्काराला सतरंजीएवढी जागा पुरते आणि एक पैसा लागत नाही. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी तो आपल्या संस्थानातल्या शाळाशाळांतून रुजवला, ते याच कारणासाठी. राजेसाहेबांनी प्रजेपुढे ठेवलेला हा व्यायाम राजालाही तोच आणि शेतमजुराच्या पोरालाही तोच.

जोर जमत नाहीत असं पुष्कळांना वाटतं. त्यांनी भिंतीपासून सुरुवात करावी. भिंतीसमोर हातभर अंतरावर उभं राहायचं, तळवे खांद्याच्या उंचीवर टेकायचे आणि कोपरं वाकवून छाती भिंतीकडे न्यायची. टाचेपासून डोक्यापर्यंत अंग एका रेषेत, कंबर खाली ढळू द्यायची नाही. हे सोपं वाटू लागलं की ओट्यावर हात टेकायचे, मग पायरीवर, मग जमिनीवर. महिन्या-दोन महिन्यांत भिंतीवरून जमिनीवर आलेली माणसं मी पाहिली आहेत. बैठका जमत नसतील तर खुर्चीवर बसायचं, हात न टेकता उठायचं, पुन्हा बसायचं. म्हातारपणी कुणाच्या आधाराशिवाय उठता येणं ही फार मोठी श्रीमंती आहे, आणि ती अशी साठवावी लागते.

वजनं हवीत? तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन पाण्याने भरला की पाच किलोचं वजन तयार. सुरुवातीला निम्माच भरा. दोन हातांत दोन कॅन घेऊन अंगणात फेऱ्या मारा, पाठ ताठ ठेवून. मुठीची पकड, खांदे, पाठ, पाय सगळ्यांना काम मिळतं.

किती करायचं? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेलं माप लक्षात ठेवायला सोपं आहे : मोठ्या माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस रोज अर्धा तास. तो सलग मिळाला नाही तर सकाळ, दुपार, संध्याकाळ दहा-दहा मिनिटं चालतील. भरभर चालताना बोलता येतं पण गाता येत नाही, हा मध्यम श्रम. त्यासाठी मनगटावर घड्याळ बांधायला नको.

आता ज्यांच्या अंगाला आधीच कष्ट आहेत त्यांच्याविषयी. आमच्या बायका विचारतात, "सर, दिवसभर राबतो, आणखी व्यायाम कशाला?" प्रश्न रास्त आहे. कांदा लावणारी बाई दिवसभर कंबरेत वाकलेली असते. द्राक्षाची विरळणी करणारा माणूस दिवसभर हात वर आणि मान वर करून उभा असतो. मेहनत भरपूर, पण एकाच ठेवणीतली, म्हणून शरीराचा एक भाग झिजतो आणि बाकीचे आखडतात. त्यांना आणखी मेहनत नको, उलट दिशेची हालचाल हवी. कांदा लावणाऱ्या बाईने दर तासाला सरीतून उठावं, दोन्ही हात कंबरेवर ठेवून हलकेच मागे वाकावं, खांदे मागे ओढावेत, दोन मोठे श्वास घ्यावेत. विरळणी करणाऱ्याने हात खाली सोडून झटकावेत, हनुवटी छातीकडे आणावी. दोन मिनिटांचं काम. मुकादमांना आणि बागाईतदारांना माझी हात जोडून विनंती आहे, ही दोन मिनिटं मजुरीतून कापू नका.

आता खाण्याकडे येतो. या ऋतूचा मेवा बाजारात स्वस्त असतो आणि नेमका अंगाला लागणारा असतो. बाजरीची भाकरी, मेथी, हरभऱ्याचा पाला, गाजर, पेरू, बोरं, आवळा. बाजरीत आणि पालेभाजीत लोह असतं, पण शरीराने ते नीट घ्यावं यासाठी सोबत 'क' जीवनसत्त्व हवं. म्हणून भाजीवर लिंबू पिळा, जेवणात आवळ्याची फोड ठेवा. जेवणाला लागून चहा घेऊ नका, तो लोह अडवतो. तिळात कॅल्शियम आहे. भोगीच्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि हरभरा, वाल, गाजर, वांगं घातलेली मिसळीची भाजी करतात. हा सणाचा स्वयंपाक थंडीभर आठवड्यातून एकदा करायला कुणाची हरकत आहे?

तरुण मुलं डबाबंद प्रथिनांच्या मागे लागली आहेत. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे पंचवीस ग्रॅम प्रथिनं असतात. मूठभर भाजलेले शेंगदाणे, मूठभर फुटाणे, वरणभात किंवा भाकरी-पिठलं, आणि जमेल तेव्हा अंडं किंवा दूध, एवढ्यावर व्यायाम करणाऱ्या मुलाचं भागतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारसूत्रांत प्रथिनांच्या पावडरी टाळायलाच सांगितलं आहे. गुळाबद्दल मात्र भ्रम नको. लाडू-चिक्की चांगली, पण मधुमेह असलेल्यासाठी गूळ म्हणजे साखरच. आणि तहान लागो न लागो, कोमट पाणी दिवसभर प्यायचं.

एक इशारा देऊन ठेवतो. रात्री उबेसाठी बंद खोलीत शेगडी पेटवून झोपू नका. निखाऱ्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, आणि झोपेतच माणसं जातात.

आता शेवटचा आणि मला सगळ्यांत जवळचा मुद्दा. महाराष्ट्रात शरीर कमावणं ही कधी एकट्याची खासगी बाब नव्हती. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे, पुण्याचं महाराष्ट्रीय मंडळ १९२४ पासून. गावोगावच्या तालमी वर्गणीवर चालल्या, तिथली लाल माती सगळ्यांची होती. गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला गेले ते लोकांनी जमवलेल्या पैशांवर, आणि स्वतंत्र भारतासाठी पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन आले. त्या काळी गावाजवळ पैसा आजच्याहून कमी होता, पण मुलांच्या अंगावर चार मूठ मांस चढावं ही गावाची आस होती.

आज तालमीला कुलूप आहे, शाळेचं मैदान संध्याकाळी बंद आहे, आणि रस्त्यावर दिवे नाहीत म्हणून बायका अंधार पडल्यावर चालायला बाहेर पडत नाहीत. मग गरीब घरातल्या माणसाने व्यायाम कुठे करायचा? त्याला आळशी म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

म्हणून ग्रामपंचायतीच्या सदस्यांकडे, शाळेच्या व्यवस्थापन समितीकडे आणि तरुण मंडळांकडे मी तीन मागण्या करतो. थंडीचे तीन महिने शाळेचं मैदान सकाळी ऊन पडल्यावर आणि संध्याकाळी सगळ्यांसाठी उघडं ठेवा. संध्याकाळचा एक तास फक्त बायकांसाठी राखा आणि तिथवरच्या वाटेवर दिवे लावा. तालमीचं कुलूप काढून माती पालटा आणि जुन्या पैलवानांना मानाने बोलावून मुलं त्यांच्या हाती द्या. पहिला महिना शिकवायला मी स्वतः येईन, मानधन घेणार नाही. ज्यांना यायचं असेल त्यांनी सभेनंतर व्यासपीठाजवळ कार्यकर्त्यांकडे नाव द्यावं. बूट नसले तरी या, वय कितीही असो या, आणि येताना शेजाऱ्याला सोबत घेऊन या.