फॉरमॅट मारायच्या आधी

आज घरातल्या जुन्या डेस्कटॉपबद्दल बोलू.

गेल्या पावसाळ्यात विजा फार कडाडत होत्या, म्हणून आमच्या पीसीचा प्लग दोन दिवस काढून ठेवला. परत लावला, तर विंडोजचे ठिपके फिरायचे आणि निळा स्क्रीन. रीस्टार्ट, पुन्हा निळा. दुकानदार फोनवरच म्हणाला, "विंडोज उडालंय, फॉरमॅट मारावं लागेल." मी हो म्हणणारच होतो. तेवढ्यात आई म्हणाली, "अरे, आजीच्या ओव्या त्यातच आहेत ना?"

त्यातच होत्या. फक्त त्यातच. आणि आजी आता नाही.

मग जरा थांबलो. निळा का होईना, स्क्रीन येतोय, म्हणजे करंट आहे आणि रॅमही बहुतेक ठीक. (रॅम सैल झाली तर स्क्रीन काळाच राहतो, बऱ्याचदा बीप वाजतात. तेव्हा रॅम काढून सोनेरी पट्ट्या खोडरबराने हलक्या हाताने पुसायच्या. हसू नका, चालतं!) निळ्या स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढून वाचला: 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'. म्हणजे विंडोजला स्वतःचीच डिस्क वाचता येत नव्हती. डिलीट दाबून बायोसमध्ये गेलो. डिस्कचं नाव तिथे व्यवस्थित दिसत होतं, पण तारीख? १ जानेवारी २००९!

तारीख अशी मागे गेली की संशय मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या सेलवर घ्यायचा. सीआर २०३२, ३ व्होल्टचा. प्लग काढलेला असताना घड्याळ आणि जुन्या बोर्डांत बायोसची सेटिंगही तोच सांभाळतो. आमचा संपला होता. त्यामुळे डिस्कचा मोड 'एएचसीआय'वरून 'आयडीई'वर गेला आणि विंडोज गोंधळलं. बाकी काहीच बिघडलं नव्हतं.

प्लग काढला, सेल बदलला, तारीख आणि मोड नीट करून सेव्ह केलं. विंडोज उघडलं! पहिलं काम, ओव्या पेन ड्राइव्हवर आणि ताईच्या लॅपटॉपवर टाकल्या. आई ऐकायला बसली. तिसऱ्या ओवीत मागे कुकरची शिट्टी आहे, हे मी विसरलोच होतो.

तुमचं विंडोज नाहीच उघडलं, तरी डिस्क काढून साटा-यूएसबी केबलने दुसऱ्या मशीनला लावता येते, आधी फाइल्स काढून घ्या. फक्त डिस्क खटखट वाजत असेल तर पुन्हापुन्हा चालू करू नका. ती थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडेच न्या.

चला, भेटू पुढच्या भागात.