राखणीचा पगार

(मंडळाच्या निधिसंकलन कार्यक्रमात वेस्ट बे येथे केलेलं भाषण, थोड्या फेरफारासह)



पत्रिकेत आमच्या विषयापुढे 'दहा मिनिटे' असं छापलंय आणि त्याच्या लगेच खाली 'सहभोजन'. म्हणजे आमची जागा आम्हाला नीट समजली आहे. मसालेभाताचा वास हॉलमध्ये शिरायच्या आत आटोपतं घेतो.

आधी 'आम्ही' म्हणजे कोण ते सांगतो. वेस्ट बेच्या टॉवरांमध्ये राहणारी पाच-सहा मराठी कुटुंबं. बहुतेक सगळे इंजिनीअर, त्यात निम्मे सॉफ्टवेअरवाले. आठवडाभर काचेच्या बिल्डिंगमध्ये एसीत बसायचं, संध्याकाळी कॉर्निशवर एक फेरी मारायची आणि वीकएंडला मॉल. गेले तीन हिवाळे मात्र आम्ही एक खोड लावून घेतली आहे. महिन्यातून एका शुक्रवारी पहाटे उठायचं, पोह्यांचे डबे आणि चहाचे थर्मास गाडीत टाकायचे आणि रानात जायचं.

कतारमध्ये रान कुठलं, हा प्रश्न समोरच्या निम्म्या चेहऱ्यांवर दिसतोय. बरोबरच आहे. इथे वर्षाला जेमतेम सत्तर-ऐंशी मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरला पावसाळ्यात तेवढा एका दिवसात पडतो आणि त्याची कोणी बातमीही करत नाही. शिवाय आपण बसलोय तो वेस्ट बे म्हणजे समुद्रात भराव टाकून तयार केलेली जमीन. शेरेटनचा पिरॅमिड १९८२ साली सुरू झाला तेव्हा त्याच्या आजूबाजूला जवळजवळ काहीच नव्हतं. झाड तर सोडाच, रस्त्यावरचं प्रत्येक रोप इथे पाइपने पाणी पिऊन जगतं.

तरीही रान आहे. वेस्ट बेहून उत्तरेला निघायचं, लुसैल मागे टाकायचं, अल खोर ओलांडायचं. तासाभरात अल थखिरा येतं. वाळवंट संपतं आणि एकदम हिरवा पट्टाच सुरू होतो. ही खारफुटी. झाडं फार उंच नाहीत, माणसापेक्षा थोडी मोठी. पण दाट. भरतीच्या वेळी त्यांच्यामधून छोट्या होड्या जातात, ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि त्यातून पेन्सिली खोचाव्यात तशी हजारो मुळं वर आलेली दिसतात. चिखलात हवा नसते, म्हणून हे झाड श्वास घ्यायला मुळं वर काढतं. पानाची मागची बाजू बोटाने पुसून जिभेला लावली तर खारट लागते. समुद्राचं पाणी पिऊन नको असलेलं मीठ हे झाड पानांतून बाहेर टाकतं. आखाताचं पाणी नेहमीच्या समुद्रापेक्षाही जास्त खारट, उन्हाळ्यात वर पंचेचाळीस डिग्री. अशा ठिकाणी हे झाड कुणी न लावता, कुणी पाणी न घालता उभं आहे. हिवाळ्यात तिथे रोहित पक्षी येतात, म्हणजे आपले फ्लेमिंगो. बगळे तर असतातच.

आणि तिथे शांतता असते. पहिल्या खेपेला आमच्यातल्या एका सात वर्षांच्या मुलाने विचारलं, "इथे तो आवाज का येत नाही?" कुठला आवाज, ते कळायला आम्हाला वेळ लागला. तो एसीबद्दल बोलत होता. दोह्यात जन्मलेलं पोर. त्या घरघरीशिवायचं जग त्याच्या कानांनी कधी ऐकलंच नव्हतं. मग त्याने दुसरा प्रश्न विचारला, "तिकीट कुठे काढायचं?" तिकीट नाही म्हटल्यावर तिसरा प्रश्न: "मग हे बघतं कोण?"

मंडळी, आजचं आमचं सगळं भाषण त्या तिसऱ्या प्रश्नावर आहे.

जे सगळ्यांसाठी खुलं असतं, ते बघणारं कोणीतरी असावं लागतं. थखिऱ्याला त्या मुळांत अडकलेल्या पिशव्या आणि बाटल्या आम्ही पाहिल्या. जाताना एक गोणभर कचरा उचलून आणतो, पण आम्ही महिन्यातून एकदा जाणारे. रोज बघणारा माणूस वेगळा असतो आणि त्याचा फोटो कुठे छापून येत नाही.

थखिऱ्याचं हे झाड परकं नाही बरं का. इथे अरबीत ह्याला 'कुर्म' म्हणतात. ऐकून आमच्या एका वहिनींना दशावतारातला कूर्म आठवला, पण तो हा नव्हे. हे आपलं तिवर. कोकणातल्या खाड्यांच्या काठी आणि मुंबईत ठाण्याच्या खाडीला दिसतं ते हेच. कतारमध्ये नैसर्गिकरीत्या वाढणारी खारफुटीची ही एकच जात आहे. आपल्याकडे तिवराबरोबर चिपी, कांदळ अशी पुष्कळ भावंडं आहेत. त्यातल्या पांढऱ्या चिपीला महाराष्ट्र सरकारने २०२० साली राज्याचा कांदळवन वृक्ष म्हणून मान दिला.

पण मान मिळण्याआधी ह्या झाडाने काय सोसलं ते मुंबईकरांना सांगायला नको. वर्षानुवर्षं रात्रीच्या अंधारात डेब्रिजचे ट्रक येत आणि खाडीत रिकामे होत. झाड तोडायचीही गरज नसते. बांध घालून भरतीचं पाणी अडवलं की ते आपोआप वाळतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबई बुडाली. नाल्यांबरोबरच मिठी नदी आणि खारफुटीचं आपण काय केलं, हा प्रश्न तेव्हा घराघरांत विचारला गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटी तोडायला आणि तिथे भराव टाकायला बंदी घातली. पण हुकूम कागदावर असतो. तो अमलात आणायला माणसं लागतात. २०१२ मध्ये वनखात्याचा वेगळा कांदळवन कक्ष निघाला, गस्त सुरू झाली, तेव्हा कुठे त्या कागदाला हातपाय फुटले. २०१५ मध्ये ठाणे खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं, २०२२ मध्ये ते रामसर यादीत गेलं. आपण ह्या तारखा वाचतो. पण मधली दहा-पंधरा वर्षं जो गस्तीचा माणूस कमरेइतक्या चिखलात उभा होता, तो कुठल्या तारखेत बसत नाही.

आता जरा विलायतेला जाऊ. आमच्यापैकी दोघे-तिघे प्रोजेक्टसाठी स्लाऊला राहिलेले. तिथून थोड्याच अंतरावर बर्नहॅम बीचेस नावाचं रान आहे. नावात बीच असलं तरी समुद्र नाही. बीच नावाची झाडं आहेत, त्यातली काही चारशे वर्षांच्या पुढची. बुंधे असे की चार माणसांनी हात धरले तरी वेढा पुरा होऊ नये. पूर्वी गावकरी गुरांचं तोंड पोचणार नाही इतक्या उंचीवर फांद्या छाटायचे, सरपणाला न्यायचे आणि झाडाला वरून पुन्हा धुमारे फुटायचे. त्या छाटणीमुळेच ही झाडं बुटकी, पोकळ, गाठींनी भरलेली, पण दीर्घायुषी झाली. रविवारी तिथे जावं, कोणी काही विचारत नाही. म्हातारी जोडपी कुत्र्यांना घेऊन हळूहळू चालत असतात, समोरून आलं की मान हलवतात आणि पुढे जातात. परदेशात एकट्या राहणाऱ्या माणसाला ती मान हलवणं किती पुरतं, हे इथल्या अनेकांना माहीत असेल.

हे रान असंच राहिलेलं नाही. १८७९ साली ती जमीन घरं बांधायला उत्तम म्हणून विक्रीला निघाली होती. १८८० मध्ये लंडन शहराच्या कॉर्पोरेशनने ती लोकांसाठी विकत घेतली. लंडनच्या पैशाने लंडनच्या बाहेरचं रान, कायमचं खुलं. ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो, पण आमच्या मते खरं कौतुक त्याच्या पुढचं आहे. विकत घेण्याचा चेक एकदाच फाडला. त्यानंतर दरवर्षी, म्हणजे एकशे चाळीसहून अधिक वर्षं, कोणीतरी त्याच्या देखभालीचा खर्च करत आलं आहे. जुन्या झाडांचा तोल जाऊन ती फाटू नयेत म्हणून आजही माणसं वर चढून थोडी थोडी छाटणी करतात. पडलेली खोडं मुद्दाम तशीच ठेवतात, कारण कितीतरी किडे आणि बुरश्या त्यांच्यावर जगतात. येणाऱ्याला वाटतं, इथे कोणीच काही केलेलं नाही.

आमच्या धंद्यात ह्याला एएमसी म्हणतात. नवीन सिस्टिम सुरू केली की केक कापतात, मेल जाते, साहेब हात मिळवतात. पुढची दहा वर्षं जो ती चालू ठेवतो, त्याला फक्त बिघाड झाला की फोन येतो. काही बिघडलं नाही तर विचारतात, तुम्ही नक्की करता तरी काय? रानाच्या राखणदाराचं अगदी हेच आहे.

आपल्या पूर्वजांनी ही एएमसी देवाकडे सोपवली होती. कोकणात आणि घाटावर गावोगावी देवराई असते. रत्नागिरीकडे तिला देवरहाटी म्हणतात. कुऱ्हाड लावायची नाही, काही ठिकाणी तर वाळकी काटकीही उचलायची नाही. झाड काढायचंच झालं तर देवाला कौल लावायचा. १९७०च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक ह्यांनी ह्या रायांचा अभ्यास केला, तेव्हा शास्त्रीय जगाचंही तिकडे लक्ष गेलं. शेजारचे डोंगर बोडके झाले तरी राईत गारंबीचे वेल, सातवीण, बेहडा उभे असतात. धनेशाला घरटं करायला ढोली लागते आणि ढोली जुन्या झाडालाच मिळते. पुष्कळ ठिकाणी गावाच्या पाण्याचा झराही राईतूनच निघतो.

यंदाच्या निधीतला एक हिस्सा रत्नागिरी जिल्ह्यातल्या अशाच एका देवराईला द्यायचा, असं कार्यकारिणीने ठरवलं आहे. पहिली कल्पना अशी होती की एक हजार रोपं लावायची आणि प्रत्येक रोपापाशी देणगीदाराच्या नावाची पाटी. कल्पना वाईट नाही, फोटोही छान आले असते. पण गावात फोन केला तेव्हा तिथले एक आजोबा म्हणाले, "झाडं आहेत हो भरपूर. बघणारं माणूस नाही."

मंडळी, देवाचा धाक कमी झाला म्हणून राई जाते, असं आपण सहज म्हणून टाकतो. ह्या गावात धाक शाबूत आहे, गाव रिकामं झालंय. तरणी माणसं मुंबई-पुण्याला, काही आपल्यासारखी आखातात. उरले ते म्हातारे. उन्हाळ्यात वणवा लागला तर जाळरेषा काढायला हात नाहीत. रानमोडी आणि घाणेरी कडेने आत सरकते आहे, ती उपटायला कंबर चालत नाही. तिथे हजार रोपं लावून आपण परत आलो, तर पहिल्या उन्हाळ्यानंतर पाट्याच शिल्लक राहतील.

म्हणून आमची सूचना अशी. ह्या पैशातून गावातल्याच दोन माणसांना तीन वर्षं पगार द्यायचा. त्यांनी जाळरेषा काढावी, तण उपटावं, गुरं बाहेर ठेवावी, झऱ्याची वाट साफ ठेवावी आणि एरवी राईला तिच्या हवाली करावं. काम ठरवायचं गावाने, हिशेब दर सहा महिन्यांनी मंडळाच्या सभेत मांडायचा. दोन पगार मिळाले म्हणून दोन घरं तरी गावात टिकतील, हा वरचा फायदा.

देणगीदारांकडे दोन मागण्या आहेत. पहिली: देणगी एकदम मोठी देण्यापेक्षा तीन वर्षं दरवर्षी द्यायचं कबूल करा. पहिल्या वर्षी सगळे देतात, राखणदाराचा पगार तिसऱ्या वर्षी थकतो. दुसरी जरा अवघड आहे: पाटी मागू नका. राईत कुणाचंच नाव नसतं, म्हणून ती सगळ्यांची असते. तुमचं नाव ह्या पुस्तिकेत छापू, मंचावरून घेऊ, हवं तर दोनदा घेऊ. राईत मात्र नको.

तीन वर्षांनी तुम्ही तिथे गेलात तर दाखवण्यासारखं काही नसेल, हेही आत्ताच सांगून ठेवतो. राई आज आहे तशीच दिसेल. तेच झाड, तोच झरा. मुलांनी विचारलं की तुमच्या पैशाचं काय झालं, तर त्यांना थोडा वेळ गप्प उभं राहून ऐकायला सांगा. आणि इथल्या मुलांना त्याची सवय व्हावी म्हणून थंडी आहे तोवर आमच्याबरोबर थखिऱ्याला चला. पोहे आमच्याकडे, गोणी मात्र प्रत्येकाने आपली आणायची.

वचनपत्रं दाराशेजारच्या टेबलावर ठेवली आहेत. जेवणाची रांग मुद्दाम तिथूनच जाईल अशी व्यवस्था केली आहे.