मुक्कामी गाडीचा हिशेब
(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर बोलायला जमलेल्या मेळाव्यात एस.टी.चा विषय कशाला, असे कुणाला वाटेल. आम्ही तो मुद्दाम घेतला आहे. गावोगावच्या बैठकांत भावाच्या खालोखाल जी तक्रार ऐकायला मिळते ती हीच, की मुक्कामी गाडी बंद झाली. कुठे सकाळची फेरी गेली, कुठे दुपारची कमी झाली. आगारात विचारायला जावे तर उत्तर ठरलेले: "तुमच्या गावाची फेरी तोट्यात आहे."

गाडी बंद झाली म्हणजे नेमके काय बंद होते, ते आधी पाहू. पोरगा कसाही जातो. सायकल काढतो, नाहीतर एका फटफटीवर तिघे बसतात. पोरीचे तसे नाही. गाडी नाही म्हणून ती आठ दिवस घरी राहते, मग महिनाभर राहते, मग शाळेच्या पटावरून नाव जाते आणि बाप स्थळ बघायला लागतो. म्हातारीच्या डोळ्यांचे ऑपरेशन पुढच्या हंगामावर जाते. तालुक्याला कापूस कुठल्या भावाने जातो आहे हे स्वतः पाहून यायचे तर दिवस मोडतो. मग गावात आलेला खेडा खरेदीवाला सांगेल तो भाव. म्हणजे गाडीचा विषय भावाच्या विषयापासून फार लांब नाही.

तोटा आहे, पण कुणाचा?

एस.टी. तोट्यात आहे ही गोष्ट खोटी नाही. जून २०२५ मध्ये सरकारने एस.टी.ची श्वेतपत्रिका काढली. साठत आलेला तोटा दहा हजार कोटींच्या वर गेल्याचे तीत सांगितले आहे. कोरोनाच्या आधी अठरा हजारांच्या आसपास गाड्या होत्या, पुढे त्या पंधरा हजारांच्या खाली-वर आल्या. गाड्या कमी झाल्या की कात्री पहिल्यांदा कुठे लागते? जिथे ओरडणारा कमी तिथे. झरी-जामणी, धारणी, किनवट अशा टोकाच्या तालुक्यांत.

आपण शेतकरी आहोत. कापसाला उत्पादन खर्चावर भाव मागतो. बी, खत, फवारणी, निंदण, वेचणी, सगळे धरा आणि मग भाव काढा असे म्हणतो. तोच न्याय गाडीला लावावा लागेल. डिझेल लागते, टायर लागतात, चालक-वाहकाचा पगार लागतो. गाडी फुकट चालवा असे म्हणणाऱ्याला उत्पादन खर्च मागण्याचा हक्क राहत नाही. पण ज्याच्याकडून खर्च मागायचा त्याला हिशेब दाखवावा लागतो, हाही त्याच न्यायाचा दुसरा भाग आहे. म्हणून हिशेब मांडून पाहू.

एका फेरीचे गणित

समजा, तालुक्यापासून ३६ किलोमीटरवर एक गाव आहे. गाडीत ४४ जागा आहेत. सकाळी गावातून १४ माणसे चढतात. वाटेतल्या प्रत्येक फाट्यावर भर पडते आणि तालुका येईपर्यंत ६० होतात. दारात पोरे लटकतात. वाहकाला तिकीट फाडायला जागा नसते. सगळ्या वाटेची सरासरी काढली तर ३७ माणसे येतात. परतीला गाडी जवळजवळ रिकामी, सरासरी ५. आता दोन्ही बाजूंच्या मिळून ८८ जागा झाल्या आणि माणसे ४२. भारमान आले ४८ टक्क्यांच्या आसपास. जी गाडी दारापर्यंत भरून येते, ती कागदावर निम्मी रिकामी!

पुढे पैशाचे पाहू. त्या ६० जणांत ३० शाळा-कॉलेजची मुले, त्यांत १५ मुली. १२ बाया, पंचाहत्तरीच्या पुढची ३ माणसे आणि पूर्ण तिकिटाचे १५ गडी. सगळ्यांचे अंतर सारखे धरा. विद्यार्थ्यांच्या पासाला दोन तृतीयांश सवलत आहे, म्हणजे १५ मुलांची मिळून ५ भाडी. शाळेतल्या मुलींना पास मोफत. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास मोफत आहे. मार्च २०२३ पासून बायांना अर्धे तिकीट, म्हणजे १२ बायांची ६ भाडी. वरचे १५ गडी. बेरीज २६. साठ माणसे बसली, पण प्रवाशाच्या खिशातून २६ भाडी आली. उरलेल्या ३४ भाड्यांची जबाबदारी सवलत जाहीर करणाऱ्या सरकारची आहे.

सवलती वाईट आहेत असे आम्ही म्हणत नाही. मुलींचा पास हे तर फार मोलाचे काम आहे. पण सवलत जाहीर करायची मंत्रालयाने, फोटो लावायचा पुढाऱ्याने, आणि पैसे वेळेवर पोचले नाहीत की कात्री लागायची आपल्या फेरीला, हा कुठला व्यवहार? सवलतीची रक्कम वेळेवर मिळत नाही ही तर महामंडळाची जुनी तक्रार आहे. आगारात "फेरी तोट्यात" म्हणतात तेव्हा त्या ३४ भाड्यांचे पैसे त्यांनी धरले आहेत की नाही, हा पहिला प्रश्न विचारायचा.

दुसरा प्रश्न कराचा. प्रवासी कर म्हणून सरकार एस.टी.कडून वर्षानुवर्षे साडेसतरा टक्के घेत आले. खासगी ट्रॅव्हल्सवाला आसनामागे वर्षाचा ठरावीक कर भरून मोकळा होतो. इकडे भाडे मात्र वाढत गेले, ऑक्टोबर २०२१ मध्ये सतरा टक्क्यांनी आणि जानेवारी २०२५ मध्ये जवळजवळ पंधरा टक्क्यांनी. एका हाताने मदत दिली म्हणून सांगायचे आणि दुसऱ्या हाताने कर घ्यायचा, हे शेतकऱ्याला नवे नाही.

मुक्काम का महत्त्वाचा

मुक्कामी गाडी संध्याकाळी तालुक्याची माणसे घेऊन गावात येते, रात्री थांबते आणि सकाळी गावची माणसे घेऊन तालुक्याला जाते. दोन्ही फेऱ्या भरलेल्या. मुक्काम काढला तर दोनच गोष्टी होऊ शकतात. एक तर सकाळची फेरीच बंद. नाहीतर गाडीने अंधारात ३६ किलोमीटर जवळजवळ रिकामे यायचे आणि रात्री ३६ किलोमीटर रिकामे परत जायचे. रोजचे ७२ किलोमीटर, वर्षाचे २६ हजारांच्या वर. म्हणजे मुक्काम बंद करून काटकसर होत नाही, उलट तोट्याची फेरी तयार होते. मग तोच तोटा दाखवून ती बंद करता येते.

मुक्काम बंद का होतात, याचे कारणही समजून घ्या. दिवसभर गाडी हाकलेला चालक रात्री गाडीतच झोपतो. डास, थंडी, पावसात गळणारे टप. सकाळी पाणी नाही, संडास नाही. वाहकाजवळ दिवसभराची रोकड. कुठे रात्रीतून डिझेल काढले जाते. असा मुक्काम कोण आनंदाने घेईल? ज्या गावाला गाडी हवी त्या गावाने एक खोली, दिवा, पाणी आणि संडास द्यावा. ग्रामपंचायतीला हे जड नाही. ही मेहरबानी नव्हे, हा सौदा आहे.

चालक-वाहक आपले शत्रू नाहीत. कोरोनानंतर ४ ऑक्टोबर २०२१ ला खेड्यांतल्या पाचवी ते बारावीच्या शाळा उघडल्या आणि त्याच महिन्याच्या अखेरीस एस.टी.चा संप सुरू झाला. तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. दीड वर्ष घरी बसलेल्या पोरांची शाळा उघडली, तर गाडी नाही. राग येणे साहजिक होते. पण त्या काळात किती कर्मचाऱ्यांनी जीव दिला तेही आठवा. थकलेला पगार आणि डोक्यावरचे कर्ज माणसाला कुठे नेते, हे कापूस पिकवणाऱ्या मुलखाला कुणी सांगायला नको.

साय कुणी खाल्ली?

१ जून १९४८ ला पुणे ते त्या वेळचे अहमदनगर अशी पहिली गाडी निघाली. पुढे १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याखाली आजचे महामंडळ आले. त्या कायद्याचे कलम १८ म्हणते, पुरेशी, कार्यक्षम आणि काटकसरीची सेवा द्या. कलम २२ म्हणते, कारभार धंद्याच्या तत्त्वावर चालवा. कलम ३४ म्हणते, सरकार महामंडळाला आदेश देऊ शकते. धंदाही करायचा, सेवाही द्यायची आणि हुकूमही पाळायचा. हे तिन्ही एका गाडीत कसे बसले? लांब पल्ल्याच्या भरलेल्या गाड्यांची कमाई खेड्याच्या फेरीची तूट भरून काढत होती म्हणून. "गाव तेथे एस.टी." ही घोषणा त्या जोरावर उभी राहिली.

ती सोय मोडली. यवतमाळ-पुणे, नागपूर-पुणे अशा रात्रीच्या वाटेवर ट्रॅव्हल्स आल्या. कायद्याने त्यांना कंत्राटी परवाना आहे, म्हणजे ठरलेला जथा एका ठिकाणी घ्यायचा आणि ठरल्या ठिकाणी सोडायचा, टप्प्याटप्प्याला माणसे घेता येत नाहीत. व्यवहारात काय चालते ते रोज चौकाचौकात दिसते. दिवाळीला पोरे पुण्याहून गावी यायला निघाली की भाडे काय होते तेही आपण पाहतो. एस.टी.ला प्रत्येक तालुक्याच्या स्टँडवर वळावे लागते, ट्रॅव्हल्सला नाही. दुसऱ्या टोकाला जवळच्या अंतरावर काळी-पिवळी आणि जीप आल्या. गाडीच्या पाच मिनिटे आधी फाट्यावरची माणसे उचलून नेतात. थांबणाऱ्याला दोष देता येत नाही. समोर उभी असलेली जीप सोडून, येईल की नाही याची खात्री नसलेल्या गाडीची वाट कोण पाहील? साय वरूनही गेली, खालूनही गेली. एस.टी.च्या भांड्यात ताक उरले.

समृद्धी महामार्गही आपल्याच शेतांतून गेला. त्यावर गाडी सुसाट जाते, पण दोन्ही बाजूंना कुंपण, फाट्यावर हात दाखवून थांबवायची सोय नाही. वेगाचा भाव काय पडतो तेही दिसले. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी गाडी पेटली आणि २५ माणसे गेली. कामासाठी, शिक्षणासाठी पोरे रात्रीच्या गाडीनेच जाणार. चालकाला पुरेशी झोप आणि गाडीला उघडणारा दरवाजा, एवढे तरी तिकिटाच्या पैशात मिळायला हवे.

मग एस.टी. मोडून सगळे खासगी करा, असे काही जण म्हणतात. केरळात ठरल्या वाटेवर, ठरल्या वेळेला खासगी गाड्या खेडोपाडी धावतात हे खरे. जिथे एस.टी. जात नाही तिथे गावच्या तरुणांना छोट्या गाडीचा, बांधलेल्या वेळेचा रीतसर परवाना द्यायला आमची हरकत नाही. उलट आग्रह आहे. पण परतीची रिकामी फेरी खासगी माणसालाही परवडणार नाही. तिचे पैसे कुणीतरी द्यावेच लागतील. कोण देणार हे उघडपणे ठरवणे, एवढाच खरा प्रश्न आहे.

आपण काय मागायचे, काय करायचे

मागणे थोडके आहे. फेरीनिहाय उत्पन्न, खर्च आणि सवलतीची रक्कम आगाराच्या फलकावर लागली पाहिजे. जी फेरी समाजासाठी चालवायची ती सरकारने ठरवून विकत घ्यावी आणि दर महिन्याला पैसे चुकते करावेत. खेड्याच्या साध्या गाडीवरचा प्रवासी कर काढावा. वेळापत्रक शाळेची घंटा, आठवडी बाजार आणि वेचणीचा हंगाम पाहून लावावे. बाजाराच्या दिवशी आणि इतर दिवशी एकच वेळापत्रक, हा शहाणपणा नाही.

मागण्याआधी पुरावा हवा. इथून गेल्यावर प्रत्येक गावाने एक वही घालावी. सात दिवस रोज लिहायचे: गाडीची वेळ काय, आली किती वाजता, चढले किती, त्यांत विद्यार्थी किती, बाया किती, आणि गाडी आली नाही म्हणून जीपने किती गेले. लिहायचे काम शाळेत जाणाऱ्या पोरींना द्या. त्यांच्याइतकी अचूक नोंद कुणी ठेवणार नाही. त्याच वेळी माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांचा अर्ज करून आगाराकडून आपल्या फेरीचे वर्षाचे उत्पन्न आणि सवलतीचा आकडा मागवा. मग ग्रामसभेत दोन्ही कागद शेजारी ठेवा आणि मुक्कामाच्या खोलीचा ठराव करून आगारप्रमुखांकडे जा.

नुसती तक्रार घेऊन गेलेल्या माणसाला उद्या या म्हणता येते. हिशेब आणि खोलीची किल्ली घेऊन गेलेल्या गावाला उत्तर द्यावे लागते. पुढच्या मेळाव्याला येताना आपापल्या गावाची वही बरोबर आणा. त्या सगळ्या वह्या एकत्र करून आपण विभाग नियंत्रकांच्या टेबलावर ठेवू, आणि खेड्याची गाडी कुणाच्या तोट्यात चालते हे त्यांच्यासमोरच मोजू.