गुन्हा, विचलन आणि समाजाचा न्याय

(भोर येथील सुवर्णमहोत्सवी समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



'गुन्हा' आणि 'विचलन' हे शब्द व्यवहारात अनेकदा एकाच अर्थाने वापरले जातात. वस्तुतः त्यांत मूलभूत भेद आहे. राज्याच्या कायद्याने दंडनीय ठरविलेले कृत्य म्हणजे गुन्हा. समाजाच्या रूढ आचारापासून दूर जाणे म्हणजे विचलन. गुन्ह्याचा निवाडा न्यायालय पुराव्यावरून करते. विचलनाचा निवाडा मात्र ओट्यावर आणि लग्नमंडपात होतो, आणि तेथे आरोपीस आपली बाजू मांडण्याची संधी क्वचितच मिळते.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे उदाहरण बोलके आहे. विधवाविवाहास 1856 च्या कायद्याने मान्यता मिळाली होती. तरीही 37 वर्षांनंतर, 1893 मध्ये, कर्व्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला, तेव्हा मुरुडच्या ग्रामस्थांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. कायद्याच्या दृष्टीने ते निर्दोष, गावाच्या दृष्टीने दोषी! त्याच कर्व्यांना 1958 मध्ये 'भारतरत्न' किताब प्रदान झाला. एका पिढीचे विचलन पुढील पिढीचा आदर्श ठरले.

याच्या उलट हुंड्याचे. 1961 च्या कायद्याने हुंडा देणे आणि घेणे दोन्ही गुन्हा आहे. तथापि 'मानपान' या गोंडस नावाखाली तो चालतो आणि घेणाऱ्याच्या पंक्तीस बसण्यास कोणी नकार देत नाही.

कायद्याची सीमारेषाही स्थिर नसते. 1948 मध्ये भोर संस्थान विलीन झाले, तेव्हा दरबाराची सत्ता जाऊन येथे मुंबई प्रांताचा कारभार आला. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने, जो जैनांनाही लागू आहे, पहिली पत्नी हयात व विवाह कायम असता दुसरा विवाह करणे दंडनीय ठरले. उलटपक्षी, 27 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्यभिचाराचे दंडकलम रद्द केले. म्हणून व्यभिचार सदाचार झाला काय? मुळीच नाही. श्रावकाचे स्वदारसंतोषाचे व्रत दंडसंहितेवर अवलंबून नाही.

मग समाजाने विचलनास शिक्षा द्यावी काय? महाराष्ट्राने याचे स्पष्ट उत्तर दिले आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा 2016 चा अधिनियम जुलै 2017 पासून अमलात आला. त्यानुसार बहिष्कार टाकणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. ज्यास वाळीत टाकले तो नव्हे, तर वाळीत टाकणारा गुन्हेगार ठरतो! भोर-वेल्ह्यासारख्या परिसरात, जेथे पेठेतील प्रत्येक घर दुसऱ्यास ओळखते, तेथे बहिष्कारास ठरावाची गरज लागत नाही. आमंत्रण थांबले, दुकानाची पायरी चढणे थांबले, की एखादे कुटुंब एकाकी पडते.

जैन आचारशास्त्राने या बाबतीत सूक्ष्म विचार केला आहे. व्रताचा पूर्ण भंग तो अनाचार आणि व्रतास लागणारा दोष तो अतिचार. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: चोरीस प्रवृत्त करणे, चोरीचा माल घेणे, राज्याचे निर्बंध मोडणे, खोटी मापे वापरणे आणि मालात भेसळ करणे. कापड मोजताना चार बोटे कमी देणारा व्यापारी आज वैधमापन कायद्याचा गुन्हेगार आहे. श्रावकाच्या दृष्टीने तो व्रतास दोष लावणारा आहे. बाजार मात्र त्यास 'हुशार' म्हणतो. परजातीत विवाह करणाऱ्या मुलीस हीच सहानुभूती क्वचितच लाभते. समाजाचा तराजू येथे तपासावा लागतो.

अतिचाराची शुद्धी प्रतिक्रमणाने होते, आणि प्रतिक्रमण स्वतःच्या दोषांचे असते, शेजाऱ्याच्या दोषांचे नव्हे. यातूनच संस्थेचे दुहेरी कर्तव्य निष्पन्न होते. गुन्हा घडल्यास 'घरातले घरात मिटवू' म्हणून त्यावर पांघरूण घालू नये; पीडितेस कायद्याचे द्वार मोकळे असावे. आणि कोणाचे केवळ आचरण वेगळे असल्यास संवाद करावा, समजूत घालावी, परंतु मंदिराचे व मनाचे दार बंद करू नये. सुवर्णमहोत्सव साजरा करणाऱ्या संस्थेची थोरवी तिने किती जणांना दूर ठेवले यावरून नव्हे, तर किती जणांना जवळ ठेवले यावरून मोजली जाईल.

जय जिनेंद्र!