गुलामगिरीविरुद्धचा लढा आणि धर्मपुरुष

(कोऱ्हाळे बुद्रुक, ता. बारामती येथे केलेल्या भाषणावरून)



धर्माने गुलामगिरी मोडली की पोसली, असा प्रश्न विचारला जातो. इतिहास सांगतो की, धर्माच्या नावावर दोन्ही घडले. क्वेकर पंथीयांनी १७८३ साली गुलामांच्या व्यापाराविरुद्ध ब्रिटिश पार्लमेंटकडे अर्ज केला. त्याच काळात इंग्लंडच्या चर्चची एक धर्मप्रसारक संस्था बार्बाडोस बेटावर गुलामांकडून उसाचे मळे कसून घेत होती. व्यापारबंदीचा कायदा १८०७ साली झाला; साम्राज्यातील गुलामगिरी मोडणारा कायदा व्हायला १८३३ साल उजाडले. अर्ज व कायदा यांत पन्नास वर्षांची चिकाटी होती.

आपल्याकडे महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांना अर्पण केला. बाजारात विकला न गेलेला माणूसही जन्माच्या नावाखाली बांधलेला असू शकतो, हे त्यांनी दाखवून दिले. प्रार्थना समाजाचे प्रचारक महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी या बेड्या तोडण्यासाठी १९०६ मध्ये मिशन स्थापन केले. पण ते उपासना मंदिरातच थांबले नाहीत. अस्पृश्यता निवारणाचा ठराव काँग्रेसने करावा म्हणून त्यांनी खटपट केली आणि १९१७ च्या कलकत्ता अधिवेशनात तो संमत झाला. प्रवचनाला ठरावाची जोड मिळाली.

यापुढचे काम आपले आहे. संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने वेठबिगारीस मनाई केली आहे. १९७६ च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्याने अशी सर्व बंधक कर्जे रद्द ठरविली असून, वेठीस धरणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व दोन हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या येतात. मुकादमाकडून घेतलेली उचल ही आगाऊ मजुरी होय. पण ती फिटेपर्यंत मजुराला जाऊ दिले नाही, दुसरे काम धरू दिले नाही, तर ती वेठबिगारीच ठरते. असे आढळल्यास पंचायत सदस्यांनी तहसीलदार वा प्रांताधिकाऱ्यांस कळवावे. शिक्षकांनी कोप्यांवरील मुले शाळेत आणावीत. हरिनाम सप्ताहातील कीर्तनकारांनी या माणसांविषयी चार शब्द बोलावेत.

धर्माचा शब्द मन जागे करतो, कायदा बेडी तोडतो. पण बेडी कोणाच्या पायात आहे, हे गावालाच आधी दिसते. ते पाहून गावाने गप्प बसू नये, एवढीच विनंती.